आईंच्याच हाती पेटणारा त्रिकोण

आधीच सांगून ठेवते, माझ्या नाकावर राग असतो. गॅरेज चालवणाऱ्या बाईला तो ठेवावाच लागतो, नाहीतर येणारं गिऱ्हाईक इकडेतिकडे बघत विचारतं, "मालक कुठायत?" मालक मीच. पेट्रोलवर आणि बॅटरीवर, दोन्हींवर चालणाऱ्या हायब्रिड गाड्या हे माझं काम, आणि त्यात माझा हात धरणारं आसपास कुणी नाही. ही बढाई नाही. म्हणजे, बढाईच आहे, पण खरी आहे.

आणि मला माझ्याच घरातली गाडी नीट करता येईना! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

गाडी माझ्या सासूबाईंची. जुनी, पांढरी, मागच्या दारावर कुठल्याशा खांबाने सही केलेली. सासूबाईंचं सगळं आयुष्य टेलिफोन खात्यात लोकांचे फोन जोडून देण्यात गेलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी गाडी शिकायचं काढलं तेव्हा घरदार हसलं. पहिल्याच परीक्षेत त्या पास झाल्या आणि हसणाऱ्या प्रत्येकाला गाडीत बसवून फिरवून आणलं. तेव्हापासून दर बुधवारी सकाळी त्या दोन मैत्रिणींना घेऊन टेकडीवरच्या तलावात पोहायला जातात. एक नर्सबाई, दुसरी टीचर. दोघीही निवृत्त, पण तोंडाने अजून नोकरीवर. वर बस जात नाही, त्यामुळे आईंची गाडी आहे म्हणून तिघींचा बुधवार आहे.

तर या गाडीत चढावर लाल त्रिकोण पेटायला लागला. लाल त्रिकोण म्हणजे, "बाई गं, मला बरं नाहीये." मागे बॅटरीचा पंखा बोंबलायचा, गाडी अंग चोरायला लागायची. एकदा तर चढाच्या मध्यावर बसकणच मारली. आईंनी फोन लावला तो माझ्या नवऱ्याला. नवरा दातांचा डॉक्टर. समोर पेशंट आ वासून बसलेला आणि कानात आईचा आवाज, "बाळ्या, गाडी बंद पडलीय, पण तू घाबरू नको हं." घाबरू नको म्हटलं की माणूस हमखास घाबरतो. तो तसाच धावत सुटला, पेशंटच्या तोंडातला कापूससुद्धा राहिला म्हणतात.

त्या दिवसापासून त्याने एकच धोशा लावला. गाडी विकायची. आईने आता गाडी चालवायची नाही.

माझी नणंद लांबच्या शहरात असते. तिने फोनवरून दादाची री ओढली. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय! "वहिनी, वय झालं आता आईचं. घरी बसावं, आराम करावा." मी म्हटलं, "तू बस." फोन कट झाला. नेटवर्कचा दोष असेल. मग बहीणभावांनी परस्पर ठरवून एक गिऱ्हाईकही पाहिलं. रविवारी तो माणूस गाडी न्यायला येणार होता.

आई काहीच बोलल्या नाहीत. हेच मला खटकलं. ही बाई भाजी चिरताना भाजीशी बोलते, आणि स्वतःची गाडी चालली तर गप्प? रात्रीचं जेवण झाल्यावर ताटं उचलताना त्या हळूच म्हणाल्या, "गाडी गेली की मग मला कुठं न्यायचं ते तुम्हीच ठरवणार. मी विचारत बसणार, बाबांनो वेळ आहे का." एवढंच. मी म्हटलं, "आई, रविवारपर्यंत मी शोधते. नाही शोधलं तर गॅरेजची पाटी खाली उतरवेन." उचलली जीभ लावली टाळ्याला. आता शोधणं भाग होतं.

गाडी गॅरेजमध्ये घेतली, स्कॅनर लावला. स्कॅनर म्हणजे गाडीच्या पोटातलं ओठावर आणणारं यंत्र. दोन कोड होते. एक म्हणत होता, बॅटरी तापतेय. दुसरा म्हणत होता, इन्व्हर्टरचं पाणी काम करत नाहीये.

आता हे जरा समजून घ्या, फार अवघड नाही. या गाडीत पाणी दोन ठिकाणी फिरतं. एक इंजिनासाठी, ते सगळ्यांना माहीत असतं. दुसरं इन्व्हर्टरसाठी. इन्व्हर्टर हा बॅटरी आणि मोटर यांच्यातला दुभाषा, आणि त्याचं डोकं पटकन तापतं, म्हणून तो मला आपला वाटतो. त्याला स्वतःचा छोटा पंप, स्वतःचं वेगळं पाणी. बॅटरी मात्र मागच्या सीटच्या पाठीमागे असते, तिला पाणी नाही, हवा लागते. मागच्या सीटच्या कडेला एक जाळी असते, तिथून पंखा गाडीतली गार हवा ओढतो आणि बॅटरीवर सोडतो.

मी पंखा काढला, धुळीची वळकटी निघाली, ती साफ केली. जाळी मोकळी. बॅटरीचा एकेक भाग तपासला, वयाच्या मानाने ठणठणीत. पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून टॉर्च मारला, पाणी छान फिरत होतं, म्हणजे पंप चालू. मग काय बिघडलं होतं? मी एकटी गाडी घेऊन टेकडीवर गेले, खाली आले, पुन्हा गेले. त्रिकोण कसला, साधा तिळाएवढा दिवासुद्धा पेटला नाही.

घरी येऊन हे सांगितलं आणि स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. आईंच्याच पायावर, खरं तर.

"बघ," नवरा म्हणाला. "तू चालवलीस, काही झालं नाही. मी रोज दवाखान्यात नेली, काही झालं नाही. फक्त आईच्या हातात दिवा पेटतो. याचा अर्थ काय?"

"काय अर्थ?"

"आई चढावर ब्रेकवर पाय ठेवून चालवत असेल. दोन्ही पाय वापरत असेल. मी तिला दोष देत नाही गं, या वयात होतं असं."

आई दारातच उभ्या होत्या. त्यांचा चेहरा असा उतरला की मला तो बघवेना. त्या आत निघून गेल्या आणि भांड्यांचा आवाज आला. भांडी आधीच घासलेली होती.

मी नवऱ्याला काय काय बोलले ते इथे सांगत नाही. शेजारच्यांना विचारा, त्यांना पाठ आहे. पण अंथरुणावर पडल्यावर मला कबूल करावंच लागलं की त्याचा मुद्दा अर्धा बरोबर होता. दिवा फक्त आईंच्या हातात पेटत होता. मग आई गाडीत असतात तेव्हा असं काय असतं जे मी असताना नसतं? आणि मला माझंच हसू आलं. मी एकटी गेले होते. त्या एकट्या कधीच जात नाहीत!

बुधवारी सकाळी मी स्कॅनर घेऊन आईंच्या शेजारी बसले. टीचरांची नेहमीची पुढची जागा मी घेतली म्हणून त्या रुसल्या, आणि "मागे बसणाऱ्या मुलांचं पुढे काय होतं ते मला चांगलं माहीत आहे" असं म्हणत मागे गेल्या. नर्सबाई शेवटी आल्या. नर्सबाई म्हणजे भारदस्त काम. एका हातात टॉवेलची पिशवी, दुसऱ्या हातात एक जाडजूड उशी.

"ही कशाला?" मी विचारलं.

"माझ्या कंबरेला. हिच्याशिवाय मी कुठंच बसत नाही. आणि ही मी कुणाच्या गाडीत ठेवतही नाही, सोबत आणते, सोबत नेते. एकदा ठेवली होती आमच्या जावयाच्या गाडीत, त्याने कुत्र्याला दिली."

त्या बसल्या, उशी कुठेतरी कोंबली, "चला!" म्हणाल्या. आणि आम्ही निघालो.

गाडीत जी गंमत चालू होती ती काय सांगू! टीचर नर्सबाईंना सांगत होत्या की तुला पाठीवर पोहता येत नाही, तू फक्त तरंगतेस. नर्सबाई म्हणत होत्या, तरंगायलाही अंगात काहीतरी असावं लागतं, तुझ्यासारखी काडी बुडेलच. आई आरशातून दोघींना दटावत होत्या. मी हसत होते, पण डोळे स्कॅनरवरच्या तापमानाच्या आकड्यांवर. आईंचे पायही बघत होते. एकच पाय चालत होता, दुसरा आपल्या जागी शांत. वळण आलं की त्या अलीकडेच वेग कमी करत, आणि वळणातून गाडी अशी बाहेर काढत की टीचरांचं वाक्यसुद्धा तुटत नव्हतं.

टेकडीच्या पायथ्याशी बॅटरीचा आकडा चढायला लागला. मागे पंखा आधी गुणगुणला, मग ओरडायला लागला. "हा बघ, आला," आई म्हणाल्या. खऱ्या चढाला लागलो तसा दुसरा आकडा, इन्व्हर्टरचा, उडी मारून वर गेला. आणि पेटला! लाल, ठसठशीत त्रिकोण. मी आनंदाने इतकी मोठ्याने ओरडले की टीचर दचकून नर्सबाईंच्या अंगावर पडल्या.

"अगं, बिघडलं म्हणून कोणी नाचतं का?" नर्सबाई म्हणाल्या.

आईंनी कडेची रुंद जागा आधीच हेरून ठेवली होती. इशाऱ्याचे दिवे लावले, गाडी अलगद बाजूला घेतली, चाकं कडेच्या दगडाकडे वळवली, हँडब्रेक ओढला. ना घाई, ना गडबड. हे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना सांगून सांगून थकते आणि तरी पालथ्या घड्यावर पाणी.

"गाडी बंद करू नका, आई," मी म्हटलं. "नर्सबाई, तुम्ही जरा उतरा, मला मागे येऊ दे."

नर्सबाई "आई गं" करत उतरल्या, उशी काखेत मारून. आणि मी मागचं दार धरून उभी होते तशीच थबकले. पंख्याचा आवाज बदलला होता. इतका वेळ कुणीतरी गळा आवळल्यासारखा किंचाळत होता, तो एकदम मोकळा झाला.

"नर्सबाई, परत बसा."

"आत्ताच तर उतरवलंस!"

"बसा हो!"

त्या बसल्या. उशी कोंबली. पंखा किंचाळला.

"उतरा."

त्या उतरल्या. पंखा मोकळा.

"परत बसा."

"सूनबाई, माझी कंबर आहे की विजेचं बटण?"

"आहेच ती बटण," टीचर आतून म्हणाल्या. "तू बसलीस की दिवा लागतो."

मी सीटच्या कडेला वाकून बघितलं. नर्सबाईंची कंबर आणि गाडीची बाजू यांच्यामध्ये ती जाडजूड उशी, बरोब्बर जाळीवर. हवा आत जाणार कुठून? बिचारी बॅटरी उशीच्या मागे गुदमरत होती, आणि उशी दर वेळी मालकिणीबरोबर घरी निघून जायची, म्हणून गॅरेजमध्ये जाळी मोकळीच्या मोकळी. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

"म्हणजे गुन्हेगार ही," टीचर म्हणाल्या.

"मी काय केलं? मी बसले!" नर्सबाई म्हणाल्या, आणि तिघीही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मीही.

पण अजून एक कोड बाकी होता. उशीने बॅटरी तापली, ठीक. इन्व्हर्टर का तापला? मी बॉनेट उघडलं, टाकीचं झाकण काढलं. गॅरेजमध्ये फिरणारं पाणी इथे चढावर तळ्यासारखं स्थिर होतं. आणि मग खालून एक आवाज आला. गुळुक.

हवा! त्या पाण्याच्या वाटेत कुठेतरी हवेचा मोठा बुडबुडा अडकला होता. सपाटीवर तो एका कोपऱ्यात पडून राहायचा. गाडीने चढावर नाक वर केलं की सरकून पंपाशी यायचा, आणि हवा घुसलेला पंप नुसता फिरतो, पाणी ढकलत नाही. मी एकटी गेले तेव्हा ओझं कमी, इन्व्हर्टरने तेवढ्यापुरतं निभावून नेलं. ओझं वाढलं की संपलं.

पण हवा आपोआप शिरत नाही. पाणी बदलताना नीट काढली नाही तर राहते. मी उन्हात टाकीत निरखून बघितलं. टॉर्चच्या उजेडात रंगाकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. हे पाणी म्हणजे लाल रंगाचं कूलंट, जुनं झालं की फिकं पडतं. या गाडीचं मी कित्येक वर्षांत बदललेलं नाही, आणि हे तर नव्या नवरीसारखं लालबुंद!

"आई," मी म्हटलं, "या पाण्याला कुणी हात लावला?"

आई ढगांकडे बघायला लागल्या.

"आई?"

"छान हवा पडलीय आज," आई म्हणाल्या.

"सांगून टाक ना गं," नर्सबाई म्हणाल्या. "आम्हाला सांगितलंस तर तिला सांगायला काय झालं?"

मग ते बाहेर आलं. आईंच्या वाढदिवसाला माझ्या नवऱ्याने, त्या दातांच्या डॉक्टरने, मोबाईलवर व्हिडिओ बघून गाडीचं पाणी बदललं होतं. मी गॅरेजवर असताना. आईला भेट म्हणून. आणि आईला शपथ घातली होती की हिला कळता कामा नये, कारण घरातल्या गाडीला माझ्याशिवाय कोणी हात लावला तर मी काय करते हे त्याला माहीत आहे.

"पण आई," मी म्हटलं, "तुमची गाडी चालली होती! त्याने तुमच्या पायांना नावं ठेवली! तेव्हा तरी बोलायचं ना, की अरे, तूच हात लावला होतास."

"त्याचा आणि याचा संबंध आहे हे मला कुठं माहीत होतं?" आई म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "शंका आली होती एकदा. पण किती हौसेने केलं होतं गं त्याने. बाह्या दुमडून, कपाळाला काळं लावून घेऊन आला, म्हणाला, आई, आता तुझी गाडी एकदम फिट. त्याला कसं सांगू, तुझ्यामुळे बिघडली म्हणून?"

माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. मी तिथेच रस्त्याच्या कडेला आईंना मिठी मारली, ग्रीसच्या हातांनीच. त्यांचा पोहायला जायचा पांढरा सदरा कामातून गेला.

गाडी थंड होऊ दिली आणि उतारावरून सावकाश परत आलो. पोहणं बुडालं म्हणून टीचर वाटभर कुरकुरल्या. आईंनी मला बजावलं, "त्याला ओरडायचं नाही." मी कबूल केलं, आणि संध्याकाळी त्याने दाराच्या आत पाऊल टाकेपर्यंत शब्द पाळला.

"दिवसभर लोकांच्या दातांतल्या पोकळ्या भरतोस," मी म्हटलं, "आणि आईच्या गाडीत स्वतः पोकळी सोडून आलास?"

मी सगळं सांगितलं, उशी, बुडबुडा, ढगांकडे बघणं. तो खुर्चीत बसला. मला वाटलं आता वाद घालेल. पण तो आईंकडे वळला आणि म्हणाला, "म्हणजे मी... आणि मी तुलाच बोललो."

"बोललास तर बोललास," आई म्हणाल्या. "लहानपणी तू मला चावलाही होतास."

शुक्रवारी संध्याकाळी तो दवाखाना लवकर आवरून गॅरेजवर आला, न सांगता. मी त्याला हातमोजे दिले. हवा काढायचं काम दोघांचं असतं, एकाने वरच्या तोटीला नळी लावून धरायची, दुसऱ्याने गाडी चालू करून टाकीत पाणी घालत राहायचं. नळी त्याने धरली.

"ही तर माझीच नळी," तो म्हणाला. "पेशंटची लाळ ओढतो तशी."

"मग सांग तिला, आ करा, थोडं दुखेल."

नळीतून बुडबुडे यायला लागले. आधी मोठाले, मग बारीक, मग मोत्यासारखी माळ. टाकीतलं पाणी एकदा खोल गेलं, मी भरलं, पुन्हा गेलं, पुन्हा भरलं. आणि मग ते असं गरगरायला लागलं की दोघंही वाकून बघत बसलो, तिरके होऊन, गालाला गाल लावून. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एकत्र टाकीत डोकावण्याची ही पहिलीच वेळ.

"झाली ना दुरुस्त?" मी म्हटलं. "मग त्या गिऱ्हाईकाला सांग, येऊ नको."

तो हातमोजे काढत म्हणाला, "गाडी झाली. पण मला अजून भीती वाटते गं. त्या फोनपासून बुधवार आला की माझा हात थरथरतो. पेशंटच्या तोंडात! आई चढावर एकटी, आणि काही झालं तर... गाडीची भीती नव्हतीच ती. आईची होती."

भीती काही स्कॅनरवर येत नाही. घरी जाऊन मी हे जसंच्या तसं आईंना सांगितलं. झाकून ठेवणं मला जमत नाही.

आई म्हणाल्या, "बाळ्या, तू माझ्या गाडीत कधी बसलायस का?"

तो आठवायला लागला. आठवेना. कारण बसला तर तो चाकावरच बसतो. आईने शिकल्यावर ज्यांना ज्यांना फिरवून आणलं त्यांत हा नव्हता, तेव्हा तो पुढचा कोर्स करायला बाहेरगावी होता.

"उद्या शनिवार. तलाव उघडा असतो. मागे बस," आई म्हणाल्या. "उतरल्यावर गाडी ठेवायची का द्यायची, तू सांग. मी एका शब्दाने बोलणार नाही."

मी त्यांच्याकडे बघितलं. हात थंड होते त्यांचे, मी धरून बघितले.

शनिवारी सकाळी पाच माणसांनी गाडी गच्च भरली. पुढे आई आणि स्कॅनर घेतलेली मी. मागे टीचर, नर्सबाई, आणि दोघींच्या मध्ये, गुडघे हनुवटीला लावून, शहरातला एक नावाजलेला दातांचा डॉक्टर. नर्सबाईंनी उशी बसायला खाली घेतली होती, त्यामुळे त्या सगळ्यांपेक्षा उंच दिसत होत्या.

"डॉक्टर, माझी ही दाढ जरा बघता का?" टीचर म्हणाल्या.

"आत्ता?"

"नाहीतरी रिकामे बसलायत."

पायथा येईपर्यंत त्याचा एक पाय गाडीच्या तळाशी नसलेला ब्रेक दाबत होता. "आई, समोर ट्रक." "दिसला." "आई, वळण." "तेही दिसलं." "आई..." "बाळ्या," आई म्हणाल्या, "तू दात काढताना मी मागे उभं राहून सांगते का, जरा उजवीकडे ओढ म्हणून?" मागे दोघी खिदळल्या. तो गप्प बसला, पण माझ्या सीटची पाठ त्याने घट्ट धरली होती, मला जाणवत होतं.

चढ सुरू झाला. बॅटरीचा आकडा थोडा हलला आणि थांबला. इन्व्हर्टरचा आकडा चढला, जरा घुटमळला, खाली आला. पंखा गुणगुणत राहिला. ज्या जागी आम्ही थांबलो होतो ती मागे पडली. त्रिकोण पेटला नाही. आईंनी शेवटचं अवघड वळण घेतलं, समोरून येणाऱ्या सायकलवाल्याला जागा दिली, आणि तलावाच्या फाटकापाशी गाडी अशी उभी केली की चाकं बरोबर रेघेत. माझ्या सीटवरची पकड कधी सुटली होती कोण जाणे.

तिघी पोहल्या. नर्सबाई तरंगल्या. आम्ही दोघं कठड्यावर बसून पाय पाण्यात सोडले. "काय ठरवलंस?" मी विचारलं. "उतरल्यावर सांगायचंय," तो म्हणाला. मला त्याला पाण्यात ढकलावंसं वाटलं. हे ओळखून मोबाईल आधीच बाजूला ठेवला होता त्याने, हुशार आहे.

परत निघालो. उन्हाने गाडी ऊबदार झालेली, ओल्या केसांचा वास, टीचर काहीतरी सांगत होत्या. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. मागून "आई, समोर" असं काही आलंच नाही. मी वळून बघितलं.

तो झोपला होता. नर्सबाईंच्या खांद्यावर डोकं टाकून, तोंड उघडं, अगदी त्याच्या पेशंटसारखा.

नेमका तेव्हाच नणंदेचा फोन. मी दबक्या आवाजात उचलला.

"वहिनी, काय ठरलं? उद्या तो माणूस येणारे."

"तुझा भाऊ झोपलाय," मी कुजबुजले. "गाडीत. आई चालवतायत."

मग नणंद म्हणाली, "दादा? अगं, तो तर विमानातसुद्धा डोळा मिटत नाही. पायलटवर विश्वास नाही त्याचा." आणि मग आवाज बारीक करून, जणू तिच्याही शेजारी कुणी झोपलंय, म्हणाली, "त्या माणसाला नको म्हणून कळवते मी. आईला सांग... काही नाही. मी आले की मलाही तलावावर ने म्हणावं."

मी फोन ठेवला आणि आईंकडे बघितलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. डोळे भरले होते, पण नजर रस्त्यावर. "टीचर," त्या हळूच म्हणाल्या, "आवाज कमी कर. माझं पोरगं झोपलंय."

आयुष्यात पहिल्यांदा टीचर कुणाच्या सांगण्यावरून गप्प बसल्या. त्यांचं घर आलं, आईंनी वेग कमी केला, तर त्यांनी दोन्ही हात हलवून खुणेनेच सांगितलं, नको, नको, पुढे चल. नर्सबाईंचं घर आलं. त्यांना तर हलताच येत नव्हतं, खांदा अवघडला असणार, पण त्या डोळ्यांनीच म्हणाल्या, राहू दे.

मग आमची गल्ली आली. मी स्कॅनर बंद करून पिशवीत घातला. आमचं फाटक खिडकीशी आलं, आणि सरळ मागे निघून गेलं.

"अहो आई, घर मागे गेलं!"

"दिसतंय मला," आई कुजबुजल्या आणि आरशात बघत गाडी पुढच्या वळणाला घेतली. "अजून एक फेरी मारू. आत्ता थांबले तर तो उठेल."